आधी मंत्री, मग खातं

नायजेरियाच्या राज्यघटनेत 2023 च्या मार्चमध्ये एक दुरुस्ती झाली. नव्या राष्ट्राध्यक्षाने शपथ घेतल्यापासून 60 दिवसांच्या आत मंत्र्यांची नावं सिनेटकडे पाठवायचीच. आधी अशी मुदतच नव्हती. 2015 साली मुहम्मदु बुहारी 29 मे ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्या मंत्र्यांनी शपथ घेतली 11 नोव्हेंबरला. मधले साडेपाच महिने कारभार सचिवांनी हाकला. लोकांनी त्यांना 'बाबा गो स्लो' म्हणायला सुरुवात केली ती काही उगीच नाही.

बोला टिनुबू यांनी 29 मे 2023 ला शपथ घेतली, म्हणजे मुदत संपणार 28 जुलैला. यादी सिनेटमध्ये पोचली 27 तारखेला. आमच्या साताऱ्यातही टेंडरं शेवटच्या दिवशी ऑफिस बंद व्हायच्या बेताला भरतात, त्यामुळे मला त्याचं फार नवल वाटलं नाही. राष्ट्राध्यक्षांचे चीफ ऑफ स्टाफ फेमी ग्बाजाबियामिला (हे आडनाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही) स्वतः लिफाफा घेऊन आले आणि सिनेटचे अध्यक्ष गॉडस्विल अक्पाबियो यांनी नावं वाचून दाखवली. एकूण 28. कोण कुठल्या खात्याचा मंत्री होणार, याबद्दल एक अक्षर नाही.

आमच्या ऑफिसात तेव्हा सगळे मोबाइलला कान लावून बसले होते. मी लागोसमध्ये एका लहानशा आयात कंपनीत कागदपत्रांचं काम बघते. पॅकिंगच्या मशिनचे सुटे भाग, मोटारी, पट्टे असला माल आपापा किंवा टिनकॅन बंदरात उतरतो आणि तिथून तो बाहेर काढेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्या वर्षीचा जून-जुलै विसरण्यासारखा नव्हता. शपथविधीच्या भाषणातच टिनुबूंनी पेट्रोलवरची सबसिडी गेली असं जाहीर केलं आणि 185 नायराच्या आसपास असलेलं लिटर दोन दिवसांत 488 वर गेलं. जुलैच्या मध्यावर अबुजात ते 617 झालं. मग नायरा, म्हणजे इथलं चलन, मोकळा सोडला; डॉलरचा भाव बाजारावर सोपवला. कस्टमवाले ड्युटी मोजताना डॉलरचा जो भाव धरतात तो 422 वरून आधी 589 आणि मग 770 झाला. बोटीत चढवताना ज्या मालाची ड्युटी आम्ही एका हिशेबाने धरली होती, तो बंदरात उतरला तेव्हा हिशेब पार बदललेला होता. अशा वेळी अर्थमंत्री कोण आणि बंदरांचा मंत्री कोण, हा आमच्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न होता. आणि मंत्रीच नव्हते. सगळे निर्णय 'वरून' येत होते, आणि वर म्हणजे एकच माणूस.

आमचे क्लिअरिंग एजंट त्या दिवशी यादी ऐकून म्हणाले, "मा, नावं कळली, पण बंदर कुणाचं ते कळलं नाही. मग कळलं काय?"

मी घरी गेल्यावर अण्णांना फोन केला. अण्णा जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले, पण राजकारणातून अजून झालेले नाहीत. भारतात रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते तरी ते जागेच होते. मी म्हटलं, "इथं मंत्र्यांची यादी आली, अण्णा." त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खाती कुणाला कुठली?" म्हटलं, खाती नाहीत, फक्त नावं. ते हसले. "अगं, मग आपल्यासारखंच की!" आणि बरोबरच होतं त्यांचं. त्याच जुलैच्या 2 तारखेला अजित पवार सकाळपर्यंत विरोधी पक्षनेते होते आणि दुपारी उपमुख्यमंत्री झाले. त्यांच्यासोबत आणखी आठ जणांनी शपथ घेतली. खातेवाटप झालं 14 जुलैला. मधले बारा दिवस महाराष्ट्रात नऊ बिनखात्याचे मंत्री होते, आणि अर्थ खातं कुणाकडे जातं यावर चहाच्या टपऱ्यांपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत सगळे पैजा लावत होते.

फरक एवढाच की महाराष्ट्रात त्या नऊ जणांना कुणी उभं करून प्रश्न विचारले नाहीत. मुख्यमंत्री सुचवतात, राज्यपाल शपथ देतात, संपलं. नायजेरियात मात्र प्रत्येक नावाला 109 सिनेटरांसमोर उभं राहावं लागतं. हे ऐकून अण्णांना फार कौतुक वाटलं. "म्हणजे तोंडी परीक्षा घेतात? थेट टीव्हीवर? हे आपल्याकडं पाहिजे!" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पुढचा आठवडाभर ती तोंडी परीक्षा पाहिल्यावर ते कौतुक बरंच खाली आलं.

आधी यादीबद्दल थोडं. नायजेरियाच्या घटनेचं 147 वं कलम म्हणतं की 36 राज्यांपैकी प्रत्येक राज्यातून किमान एक मंत्री हवाच, आणि तो त्या राज्याचा मूळचा असला पाहिजे. मूळचा म्हणजे तिथं राहणारा नव्हे. आमचे एजंट लागोसमध्ये जन्मले, लागोसमध्ये वाढले, पण त्यांचं राज्य ओसुन, कारण वडिलांचं गाव ओसुनमधलं. ही अट कुठून आली ते समजायला 1967 ते 1970 चं बियाफ्राचं युद्ध आठवावं लागतं. अडीचशेहून अधिक भाषा-जमाती असलेल्या देशात एकाच प्रदेशाच्या हाती सगळी सत्ता गेली तर काय होतं, हे लोकांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे केंद्रातल्या प्रत्येक गोष्टीत सगळ्या प्रदेशांचा वाटा दिसला पाहिजे, असा दंडक घटनेतच घातला. यादी वाचली जाते तेव्हा लोक आधी आपल्या राज्याचं नाव शोधतात. कानोच्या माझ्या सहकाऱ्याने माणसांची नावं ऐकायच्या आधी राज्यं मोजायला घेतली. पहिल्या यादीत सगळी राज्यं नव्हतीच. 2 ऑगस्टला आणखी 19 नावांची दुसरी यादी आली, तेव्हा कुठे बाकीच्यांना हायसं वाटलं.

आता ज्या यादीचं पहिलं काम सगळ्या राज्यांना खूश करणं हे आहे, तिच्यात माजी गव्हर्नरांचा भरणा असणार हे ओघानेच आलं. इथला गव्हर्नर निवडून येतो. आपल्या मुख्यमंत्र्याच्या तोलाचा माणूस. दोन्ही याद्या मिळून असे नऊ माजी गव्हर्नर होते. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव न्येसोम विके. रिव्हर्स राज्याचे दोन वेळचे गव्हर्नर, तेही विरोधी पीडीपी पक्षाचे. निवडणुकीत त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या उमेदवाराशी फारकत घेतली, टिनुबूंना हातभार लावला, आणि आता पक्ष न सोडता टिनुबूंच्या मंत्रिमंडळात निघाले होते. हे प्रकरण मी माझ्या एका युरोपियन ओळखीच्याला समजावायला गेले तर त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. अण्णांना दोन वाक्यांत समजलं.

31 जुलै, सोमवार. स्क्रीनिंग सुरू. आम्ही ऑफिसात चॅनेल्स टीव्हीचं थेट प्रक्षेपण लावून ठेवलं होतं, जनरेटरच्या घरघरीत जेवढं ऐकू येईल तेवढं. उमेदवार आत येतो, पोडियमपाशी उभा राहतो, आपली शैक्षणिक कहाणी सांगतो. मग त्याच्या राज्याचे तीन सिनेटर उठून त्याची आरती ओवाळतात. कुणी शाळेतला सोबती असतो, कुणी 'माझा धाकटा भाऊ'. आणि मग बऱ्याचदा अध्यक्ष म्हणतात, 'टेक अ बो अँड गो'. वाकून नमस्कार करा आणि निघा. प्रश्न नाहीत.

ही इथली जुनी रीत. जो कधी सिनेटमध्ये, प्रतिनिधिगृहात किंवा राज्याच्या विधानसभेत बसला असेल त्याला सन्मानाने न विचारता सोडायचं. प्रत्यक्षात त्या सन्मानाची व्याप्ती रबरासारखी ताणली जाते. विकेंना वाकून जायला सांगितलं. एबोन्यीचे माजी गव्हर्नर डेव्ह उमाही तर त्याच सिनेटमध्ये बसलेले सदस्य होते, त्यांना कोण विचारणार? (मंत्री व्हायचं तर इथं सदस्यत्व सोडावं लागतं, हा एक आपल्याहून वेगळा नियम. उमाहींना सोडावं लागलं.) खुद्द अक्पाबियोही एकेकाळचे गव्हर्नर, आणि 2019 मध्ये बुहारींचे मंत्री व्हायला याच सभागृहात उभे राहिले होते. म्हणजे परीक्षक, परीक्षार्थी आणि शिफारस करणारा, सगळे एकाच पंगतीतले.

ज्यांना प्रश्न विचारले गेले त्यांचं काय? मला सगळ्यात लक्षात राहिले बोसुन टिजानी. लागोसच्या याबा भागात सीसीहब नावाची संस्था उभी करणाऱ्यांपैकी एक. तिथून कितीतरी नव्या कंपन्या निघाल्या. राजकारणी नव्हेत, तंत्रज्ञानातला माणूस. अशा माणसाकडे जुनी ट्विटं असणारच, आणि त्यात या देशाबद्दल, सिनेटबद्दल चिडून लिहिलेलं असणारच. ती सिनेटरांनी बाहेर काढली. देशाचा अभिमान नसलेला माणूस मंत्री कसा होणार, असा सूर. टिजानींनी माफी मागितली. चिडलेल्या तरुणाचे ते शब्द होते, देशावरचं प्रेम होतं म्हणूनच चीड होती, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले आणि सुटले. ऑफिसातली आमची पोरं त्या दिवशी आपापल्या खात्यांवरचं जुनं लिखाण चाळत बसली होती.

मला त्यात खटकलं ते दुसरंच. इंटरनेटच्या केबल, डेटाचे दर, खेड्यांतले टॉवर, लाखभर तरुणांना काम मिळण्याचा प्रश्न, या सगळ्यावर या माणसाला धरून विचारता आलं असतं. पण कुठल्या आधाराने विचारणार? तो दळणवळण मंत्री होणार हे सगळ्यांना अंदाजाने माहीत होतं, कागदावर कुठेच नव्हतं. उद्या त्याला मत्स्यव्यवसाय दिला असता तर? अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात ते अमुक एका पदासाठी. संरक्षणमंत्र्याला संरक्षणाबद्दल विचारता येतं. इथं सिनेट माणूस मंजूर करते आणि मग राष्ट्राध्यक्ष त्याला कुठे बसवायचं ते ठरवतात. साहजिकच प्रश्न उरतात ते चारित्र्याचे, प्रमाणपत्रांचे, निष्ठेचे आणि ट्विटांचे.

शुक्रवारी, 4 ऑगस्टला, जे झालं त्याने माझा कानोचा सहकारी दिवसभर कुणाशी बोलला नाही. दुसऱ्या यादीत कानोच्या डॉ. मरियम शेट्टी यांचं नाव होतं. (आडनावावरून आपल्या उडुपीकडची कुणी वाटेल, पण त्या पक्क्या कानोच्या.) फिजिओथेरपिस्ट, तरुण, पक्षाच्या कामात पुढे. त्या स्क्रीनिंगसाठी घरच्यांसोबत अबुजाच्या संसदभवनात पोचल्या आणि तिथं त्यांना कळलं की राष्ट्राध्यक्षांचं नवं पत्र आलंय. त्यांच्या जागी मारिया महमूद यांचं नाव, आणि सोबत फेस्टस कियामो यांचं एक जादा नाव. आपल्याकडे कोट शिवून ठेवलेल्या आमदारांची चेष्टा होते, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत म्हणतात. पण निदान त्यांना कुणी बोहल्यापर्यंत नेऊन परत पाठवत नाही. नाव का काढलं याचं नीट कारण कुणी सांगितलं नाही. ज्या व्यवस्थेत परीक्षा एवढी जाहीर, तिच्यात निवड मात्र किती बंद दाराआड होते, ते त्या एका दुपारी उघडं पडलं. एकूण आकडा झाला 48. 1999 पासूनच्या लोकशाहीत एवढं मोठं मंत्रिमंडळ या देशात झालं नव्हतं. पेट्रोल महाग केल्यावर जनतेला काटकसर शिकवणाऱ्या सरकारने हे करावं! आपल्याकडे 2003 च्या घटनादुरुस्तीने सभागृहाच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली, त्यामुळे 288 आमदारांच्या महाराष्ट्रात 43 च्या वर जाता येत नाही. ती मर्यादा किती शहाणपणाची आहे हे मला लागोसमध्ये बसून कळलं.

या सगळ्यात शेजारच्या नायजरमध्ये 26 जुलैला लष्कराने सत्ता घेतली होती. टिनुबू तेव्हा पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचे, इकोवासचे, अध्यक्ष होते. त्यांनी नायजरला सात दिवसांची मुदत दिली, सीमा बंद झाली, तिकडे जाणारी वीज तोडली, आणि लष्करी कारवाईसाठी पाठिंबा मागणारं पत्र सिनेटला आलं. मंत्री मंजूर करायला बसलेली सिनेट शनिवारी, 5 ऑगस्टला, युद्धावर बोलली. आणि तिथं मात्र तिने राष्ट्राध्यक्षांना लगाम घातला. चर्चेने सोडवा म्हणून सांगितलं. उत्तरेकडच्या सिनेटरांच्या मतदारसंघांची नायजरशी शेकडो किलोमीटरची सीमा आहे, सोयरिकी आहेत, बाजार आहेत. लोकांचं नुकसान समोर दिसत होतं तेव्हा हेच सभागृह वाकून गेलं नाही. म्हणजे येत नाही असं नव्हतं.

7 ऑगस्ट, सोमवार, शेवटचा दिवस. फेस्टस कियामो पोडियमवर. नामवंत वकील, बुहारींच्या काळात कामगार खात्याचे राज्यमंत्री. 2020 मध्ये 774 स्थानिक शासनांमधून प्रत्येकी 1,000 माणसांना तात्पुरतं काम देण्याची योजना होती. माणसं कुणी निवडायची यावरून त्यांचं संसदेच्या समितीशी जाहीर भांडण झालं होतं. सिनेटर ते विसरले नव्हते. एकाने उठून यांचं स्क्रीनिंगच थांबवा असा प्रस्ताव मांडला, गोंधळ झाला, दारं बंद करून बैठक झाली. कियामोंनी माफी मागितली आणि मंजूर झाले. आठवडाभरातला सगळ्यात कडक सवाल-जवाब हाच, आणि तो कशावरून, तर संसदेचा अपमान केला म्हणून. तरीही मी म्हणेन की 774,000 माणसांची यादी कुणाच्या हातात असावी हा खराखुरा प्रश्न होता. तो कुणी उकरला असता तर बरंच निघालं असतं. माफीवर भागलं.

त्याच संध्याकाळी 48 पैकी 45 नावं मंजूर झाली. तीन अडकली, सुरक्षा यंत्रणांची पडताळणी बाकी म्हणून. त्या तिघांत कादुनाचे माजी गव्हर्नर नासिर एल-रुफाई होते, आणि ऑफिसात क्षणभर कुणाला खरंच वाटेना. निवडणुकीत टिनुबूंच्या बाजूने उत्तरेत उभे राहिलेल्या बड्या माणसांतले ते एक. त्यांच्या स्क्रीनिंगच्या दिवशी कोगी राज्याच्या एका सिनेटरने आपल्याकडे तक्रार अर्ज आल्याचं सांगितलं होतं, पण तेव्हा ते प्रकरण तिथंच मिटल्यासारखं वाटलं. एजंट हसत होते. त्यांनी मला जुनी गोष्ट सांगितली, ती इथं सगळ्यांना ठाऊक आहे: 2003 मध्ये याच एल-रुफाईंनी जाहीर आरोप केला होता की मंत्री म्हणून मंजुरी देण्यासाठी दोन सिनेटरांनी आपल्याकडे 54 दशलक्ष नायरा मागितले. सिनेटरांनी आरोप फेटाळला, मोठं वादळ उठलं, एल-रुफाई मंत्री झाले. वीस वर्षांनी ते पुन्हा त्याच दारात आले आणि दार उघडलं नाही. सुरक्षेची पडताळणी म्हणजे नेमकं काय ते कधी जाहीर झालं नाही. पुढे त्यांनीच त्या पदातलं लक्ष काढून घेतलं आणि कालांतराने टिनुबूंचे कडवे टीकाकार झाले.

मंजुरी देऊन सिनेट सुट्टीवर निघाली तेव्हा अक्पाबियो सदस्यांना म्हणाले की सुट्टी मजेत जावी म्हणून तुमच्या खात्यात थोडीशी रक्कम पाठवली आहे. प्रक्षेपण चालू आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी ते शब्द मागे घेतले आणि तुमच्या मेलवर प्रार्थना पाठवल्या आहेत असं म्हणाले. ती चित्रफीत मी अण्णांना पाठवली. त्यांनी उत्तरादाखल फक्त हात जोडलेली चार चिन्हं पाठवली.

खाती जाहीर झाली 16 ऑगस्टला, आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू झाली, आमची. वाले एडुन अर्थमंत्री. टिनुबू लागोसचे गव्हर्नर असताना त्यांचा खजिना सांभाळणारा माणूस, तेव्हा ते अपेक्षितच. डॉक्टर अली पाटे आरोग्याला, अभियंता उमाही बांधकामाला. इथपर्यंत छान. वीज अदेबायो अदेलाबू यांना. हे हिशेबनीस, मध्यवर्ती बँकेचे माजी डेप्युटी गव्हर्नर. विमान वाहतूक वकील कियामोंना. विके अबुजा राजधानी क्षेत्राचे मंत्री. आणि एक कोरं करकरीत खातं, 'मरीन अँड ब्लू इकॉनॉमी', म्हणजे बंदरं त्यात. ते मिळालं ओलुबुनमी टुंजी-ओजो यांना. आम्ही त्यांचं नाव फलकावर लिहिलं, त्यांच्याबद्दल वाचलं, एजंटांनी कुणाच्या ओळखीतून कुठे पोचता येईल त्याची जुळवाजुळव केली.

रविवारी, 20 ऑगस्टला, शपथविधीच्या आदल्या दिवशी, खाती पुन्हा बदलली. टुंजी-ओजो गृहखात्यात गेले. वाहतूक खात्याला नेमलेले ओसुनचे माजी गव्हर्नर गबोयेगा ओयेटोला बंदरांवर आले. गृहखात्याला नेमलेले साइदू अल्काली वाहतुकीला. युवक खात्याचे अबुबकर मोमो नायजर डेल्टा (शेजारचा देश नव्हे, नायजेरियातलाच तेलाचा प्रदेश) खात्याला. चार दिवस कागदावर बंदरमंत्री असलेल्या माणसाचं नाव मी सोमवारी सकाळी फलकावरून पुसलं. आमचे एजंट मात्र खूश: ओयेटोला त्यांच्या राज्याचे! राज्यवार वाट्यावर इतका वेळ नाक मुरडणारे हे गृहस्थ त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सुया खायला घालत होते. (सुया म्हणजे शेंगदाण्याच्या कुटात घोळून भाजलेलं मांस. तिखट खाणाऱ्या सातारकराला इथलं पहिलं प्रेम होतं ते हेच.)

मला इथं एक विचारावंसं वाटतं, आणि इथल्या वर्तमानपत्रांतही ते अनेकांनी विचारलं आहे. ज्या चार माणसांची खाती शपथेच्या आदल्या रात्री फिरवता येतात, त्यांना सिनेटने नेमकं कशासाठी लायक ठरवलं होतं? बंदरं, तुरुंग, रेल्वे आणि तेलाने काळवंडलेला डेल्टा, या चारही गोष्टी एकाच माणसाला सारख्याच जमतात असं धरून चालल्याशिवाय या मंजुरीला अर्थ राहत नाही. विजेचं घ्या. वीस कोटींहून जास्त लोकांच्या देशात राष्ट्रीय ग्रिडवर साधारण 4,000 मेगावॅट खेळते. एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी तिच्या कितीतरी पट आहे. एप्रिल 2024 मध्ये अदेलाबूंच्या काळात 'बँड ए' म्हणजे दिवसातले सगळ्यात जास्त तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा दर युनिटला 68 नायरावरून 225 झाला. त्याच सुमारास ते म्हणाले की वीज स्वस्त आहे म्हणून लोक फ्रीझर दिवसेंदिवस चालू ठेवतात. देशभर संताप उसळला आणि त्यांना सारवासारव करावी लागली. दरवाढ योग्य की अयोग्य यावर मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते. पण दर कुठवर नेणार, तारा कधी बदलणार, जनरेटरवाल्या कारखान्यांचं काय, हे प्रश्न मंजुरीआधी त्यांना समोर उभं करून विचारायची संधी सिनेटच्या हातात होती आणि नव्हतीही.

पुढचं थोडक्यात. 4 ऑक्टोबर 2023 ला कादुनाच्या रिकाम्या जागेसाठी आलेले बालराबे अब्बास पोडियमवर बोलता बोलता चक्कर येऊन कोसळले. धावपळ झाली, पाणी आणलं, आणि सिनेटने त्यांना त्याच बैठकीत मंजूर केलं. वाकून जा म्हणायचीही सोय नव्हती.

आणि मग 23 ऑक्टोबर 2024. टिनुबूंनी पाच मंत्र्यांना घरी पाठवलं, दहांची खाती बदलली, आणि सात नवी नावं सिनेटला पाठवली. या वेळी नावांसोबत खाती होती. बियांका ओजुक्वू परराष्ट्र राज्यमंत्री म्हणून, इदी मैहा नव्या पशुधन खात्यासाठी, जुमोके ओदुवोले व्यापार-उद्योगासाठी. कुठला कायदा बदलला नव्हता. फक्त नावापुढे काम लिहिलं होतं.

30 ऑक्टोबरला त्यांचं स्क्रीनिंग झालं तेव्हा आमच्या ऑफिसात पुन्हा टीव्ही लागला. ओदुवोले याआधी व्यवसायसुलभतेच्या सरकारी परिषदेचं काम बघत होत्या, म्हणजे परवाने, बंदरातला उशीर, एकाच कागदावर पाच खात्यांचे शिक्के हाच त्यांचा विषय. मी हातातली बिलं बाजूला ठेवून ऐकायला बसले. एजंट खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले आणि वही काढली. 2023 च्या त्या आठवड्यात त्यांनी वही काढलेली मला आठवत नाही. ओदुवोलेंचं झालं तेव्हा ते म्हणाले, "हिला काय विचारायचं ते निदान माहीत होतं, मा." मग त्यांनी वहीतलं एक पान फाडून माझ्या टेबलावर ठेवलं. मंत्रीबाईंच्या खात्याला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदा होता, आणि पहिलाच मुद्दा होता टिनकॅनमध्ये अडकलेल्या आमच्या दोन कंटेनरचा.